पदरी पडलं पाप

परवा सकाळी झुरळं मारणारा माणूस आला. हल्ली तो आधी फोन करून येतो, पायांत निळे प्लास्टिकचे मोजे चढवतो आणि त्याला पेस्ट कंट्रोल म्हणायचं असतं. पाठीला टाकी, तोंडाला फडकं, हातात नळी. दारातूनच त्यानं विचारलं, "मॅडम, झुरळं आहेत?" मी म्हटलं, "आहेत थोडी." मग उगाचच हसायला आलं. त्याला वाटलं असणार, बाईंचं वय झालं. आता त्याला काय सांगणार की बाबा रे, एका चैत्रात मी ह्याच दोन हातांनी झुरळं जिवंत पकडली आहेत, आणि एखादं निसटलं तर हळहळले आहे.

गॅलरीत साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या. त्याची नळी तिकडे वळायच्या आत मी परात उचलून आत आणली. ऊन लागलेल्या पापडीला एक वास असतो, किंचित आंबूस, किंचित जिऱ्याचा, आणि त्यात सुती कापडाचा वास मिसळलेला. तो नाकात गेला की माझा चैत्र सुरू होतो. कॅलेंडरशी त्याचा संबंध नाही. आणि चैत्र सुरू झाला की मला ते जनावर आठवतं आणि जुना वैताग ताजा होतो. इतक्या वर्षांत लोकांच्या आठवणी मऊ होतात म्हणे. माझी ही आठवण अजून कुरकुरीत आहे.

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही जुन्या पनवेलात राहायचो, जनावरांच्या सरकारी दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये. आमचे हे तिथे डॉक्टर. म्हशी, बैल, कोंबड्या, क्वचित एखाद्या हौशी माणसाचा कुत्रा. मला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे, आणि काही लोक माझ्याकडेही गाभण म्हशीबद्दल सल्ला मागायचे. मी मराठी घेऊन बी.ए. झाले होते. म्हशींना त्याचा उपयोग नव्हता.

पनवेल हे तेव्हा राहायचं गाव कमी आणि थांबायचं गाव जास्त होतं. गोव्याचा रस्ता इथूनच, पुण्याचा इथूनच. कुठून तरी आलेलं आणि कुठे तरी निघालेलं सगळं इथे घटकाभर थांबायचं, चहा प्यायचं, पंक्चर काढून घ्यायचं आणि निघून जायचं. जाताना काही ना काही सांडून जायचं. हायवेवरून आमच्या अंगणापर्यंत डिझेलचा वास यायचा, वारा फिरला की तळोज्याच्या कारखान्यांचा तो सडक्या लसणासारखा दर्प यायचा, आणि बाजाराच्या दिवशी करंजाहून आलेल्या सुकटीचा. ह्या तिन्ही वासांतून माझी वाळवणं वाचवणं हे माझं वर्षाचं मोठं युद्ध. सकाळी उन्हं वर आली की जुनी धोतरं अंगणात अंथरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, कुरडयांचा चीक गरम गरम घालायचा, आणि दुपारभर कावळे हाकत बसायचं. त्या वर्षीही मी तेच करत होते. पाप आलं ते ह्यात.

हायवेच्या कडेला एका कच्छी शेठची लाकडाची वखार होती. कारवारच्या बाजूनं ओंडके यायचे, दिवसभर करवत किंचाळायची, आणि लाकडाच्या भुश्शाचा गोड वास संध्याकाळपर्यंत हवेत असायचा. त्या दिवशी करवत मध्येच बंद पडली. थोड्या वेळानं शेठ स्वतः आमच्या फाटकात, हातात हापूसची रिकामी पेटी, आणि ती अंगापासून इतकी लांब धरलेली की जणू आत निखारे आहेत.

"डॉक्टरसाब, हे तुमी ठेवा," शेठ म्हणाले. "ओंडका पोकळ निघाला, आतून हे निघालं. ड्रायव्हर बोलला पाप हाय. दोनदा बोलला. माझ्या धंद्याच्या जागेत पाप नको."

पेटीत गवत होतं, आणि गवतात दोन डोळे होते. आधी फक्त डोळेच दिसले, चिंचोक्याच्या रंगाचे, गोल, आणि त्या इवल्या तोंडाला न शोभतील एवढे मोठे. मग हळूहळू बाकीचं दिसलं. मुठीत मावेल एवढं अंग, राखाडी मऊ केस, शेपटी नाही, हातपाय काडीसारखे, आणि त्या काडीच्या टोकाला खरोखरीचे हात. बोटं, नखं, अंगठा. तान्ह्या बाळाची बोटं उलगडून पाहतो ना आपण, तशी मी ती पाहिली. त्यानं माझी करंगळी धरली आणि सोडेचना.

"ड्रायव्हर कुठाय?" ह्यांनी विचारलं.

"बसप्पा? तो गेला गाडी घेऊन. परत माल आणेल तवा येईल."

शेठ गेले. जाताना नळावर हात धुऊन गेले.

ह्यांना जनावर ओळखता आलं, हे मान्य करायला हवं. कॉलेजच्या कुठल्याशा जाड पुस्तकात चित्र पाहिलं होतं. "हे लॉरिस," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "माकडाच्याच कुळातलं, पण रात्री हिंडणारं. आपल्याकडचं नाही. खाली दक्षिणेच्या रानांत असतं. मादी आहे." मराठीत काय म्हणतात, मी विचारलं. लाजवंती, ते म्हणाले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ती लाजवंती पापणी न लववता माझ्याकडे रोखून बघत होती, आणि मीच नजर खाली घातली.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग त्यांनी पुढचं वाक्य उच्चारलं. "हे कायद्यानं संरक्षित आहे. आपल्याला ठेवता येत नाही, हलवता येत नाही. वनखात्याला कळवलं पाहिजे."

आमचे हे सज्जन माणूस होते, आणि सज्जन सरकारी माणसाइतका वैताग जगात दुसरा नाही. त्यांनी दवाखान्यातला काळा फोन उचलला आणि वनखात्याच्या कुठल्याशा कचेरीला लावला. मी दारात उभी होते. पलीकडचा कारकून इतक्या मोठ्यानं बोलायचा की फोनची गरज नव्हती.

"आमच्याकडे लॉरिस आलंय," हे म्हणाले.

"लॉरीस काय झालंय?"

"काही झालं नाही. लॉरिस ठीक आहे. वखारीत सापडलं."

"म्हणजे लॉरीस वखारीत पकडलं. माल कसला होता?"

"माल नाही हो. जनावर आहे."

"लॉरीत जनावरं होती? किती?"

"लॉरीत नाही. लॉरिस हेच जनावर. एकच आहे. मुठीएवढं."

मग कारकून समजुतीच्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, ऊन फार आहे. साहेब दौऱ्यावर आहेत, आले की सांगतो. तोवर लॉरी ताब्यात ठेवा. हलवू नका."

मराठी घेऊन बी.ए. झाल्याचा मला तेव्हा पहिल्यांदा उपयोग झाला. मी ह्यांना समजावलं की दोष त्या बिचाऱ्याचा नाही, चतुर्थी विभक्तीचा आहे. स, ला, ते. लॉरीला म्हणजेच लॉरीस. सरकारी भाषेत कोणी लॉरीला म्हणत नाही. "तुम्ही माकड म्हणा, वानर म्हणा, काहीही म्हणा, पण लॉरिस म्हणू नका." पण हे बरोबर नावाचे फार पक्के. जनावराचं नाव लॉरिस आहे तर मी वानर कसं सांगू, खोटी नोंद होईल, असं म्हणाले. हात टेकले मी.

"हलवू नका" ही सूचना मात्र त्यांनी शब्दशः घेतली. लॉरिस आमच्या घरात राहिलं.

राहिलं कुठे, तर माझ्या दुधाच्या जाळीच्या कपाटात. उंदराचा पिंजरा लहान, कोंबड्यांच्या खुराड्याचे गज लांब लांब. हवेशीर, जाळीचं, कडीचं असं घरात एकच होतं. दूध, दही, लोणी सगळं बेघर झालं आणि टेबलावर ताटाखाली आलं, म्हणजे आयत्या मुंग्या. कपाटात चाफ्याची फांदी आडवी बसवली. दिवसभर ते त्या फांदीच्या बेचक्यात डोकं पोटात खुपसून झोपायचं, लोकरीचा गुंडा जणू, आणि मी दूध नासू नये म्हणून दर दोन तासांनी तापवत बसायची.

खरी पंचाईत दुसऱ्याच दिवशी कळली. ते खाईना. आम्ही केळं दिलं, कारण माकड म्हटलं की केळं. दूधभात दिला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चिकू, पेरू, भिजवलेली डाळ असं सुचेल ते आणून दिलं. एक सोडून दहा जणांनी दहा उपाय सांगितले आणि जनावरानं एकालाही तोंड लावलं नाही. नुसतं केळं हुंगलं आणि तोंड फिरवलं. तिसऱ्या संध्याकाळी त्याची पकड मला सैल वाटली. पहिल्या दिवशी करंगळी सोडत नव्हतं, आता बोट पुढे केलं तर नुसता हात ठेवायचं. कुणाचं का असेना, आपल्या दारात आलेलं आहे, आणि ते माझ्या कपाटात मरता कामा नये. मी तसं ठरवलं. बाकी कोणी काही ठरवायला तयारच नव्हतं.

हे पुस्तक शोधत होते. तेवढ्यात कपाटाच्या जाळीवरून एक झुरळ गेलं. मी सवयीनं चप्पल उचलली. पण चपलेच्या आधी जाळीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून दोन हात आले. एरवी हळूहळू, भरला पेला घेऊन चालणाऱ्या मुलीसारखं सरकणारं ते जनावर, आणि हात मात्र असे आले की दिसलेसुद्धा नाहीत. झुरळ आत गेलं. मग कुर्रम कुर्रम असा आवाज झाला. अगदी पापडासारखा.

"किडे खातं," हे आनंदानं म्हणाले. "जिवंत हवेत त्याला."

म्हणजे आता जिवंत झुरळं. ज्यांच्यामागे मी जन्मभर चप्पल घेऊन धावले, त्यांना आता हळुवारपणे, पाय न मोडता, बरणीत घालायचं. घरात मी औषध मारणं बंद केलं. मोरीत रात्री पोळीचा तुकडा ठेवू लागले, पाहुणचारासाठी. ओवे गावाला म्हैस तपासायला गेलेले हे औषधाच्या बाटलीत नाकतोडे भरून आणू लागले, आणि बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी ठेवू लागले. एकदा ती उपडी झाली आणि आमटीच्या फोडणीत एक नाकतोडा पडला. त्या दिवशी मी दीड तास बोलले. हे ऐकत होते आणि कपाटाकडे पाहून मधूनच हसत होते.

एव्हाना गावभर झालं होतं की डॉक्टरांच्या घरी पाप आलंय. आमच्या भिंतीला भिंत लावून साठेकाकू राहायच्या. त्यांची मंजू बाळंतपणाला माहेरी आली होती, पहिलंच, दिवस भरत आलेले. काकू एरवी माझ्याबरोबर पापड लाटायला बसणाऱ्या, लाटी बरोबर सारखी करणाऱ्या, हसऱ्या बाई. पण त्या सकाळी कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचं काय आहे ते असू दे. पण माझी पोर अवघडलेली आहे. पाप म्हणून ज्याला त्याच्याच मुलखातले लोक म्हणतात, ते भिंतीपलीकडे ठेवून मी बाळंतपण करू?"

"काकू, पाप हे काय जनावराचं नाव असतं का?"

"मग ड्रायव्हर खोटं बोलला? त्याच्या रानातलं ते. त्याला माहीत नसेल तर कुणाला?"

काकूंनी मुदत घातली. मंजूला कळा सुरू व्हायच्या आत ते गेलं पाहिजे, नाहीतर त्या कुणाकडून तरी ते पेटीत घालून खाडीत सोडायला लावतील. काकू बोलल्या तसं करणाऱ्या बाई होत्या. त्या दिवसापासून मी दुपारी कावळे हाकायची सोडून कपाटाची राखण करू लागले. वाळवणांचं जे व्हायचं ते झालं.

मंजू स्वतः मात्र वेगळीच. आई देवळात गेली की ती पोट सांभाळत मागच्या दारानं यायची आणि जाळीला नाक लावून बसायची. "कसं बघतंय हो वहिनी. जसं काही मीच पिंजऱ्यात आहे." तिलाही उन्हात बाहेर जायची, जिना चढायची, आंबट खायची, सगळ्याची बंदी होती. एकदा तिनं पदराच्या गाठीतून दोन जिवंत रातकिडे काढून दिले. मला तेव्हा ती फार आवडली.

सोमी नावाची कातकरीण आमच्याकडे मोळी घेऊन यायची. तिला फाटकातच चारपाच जणांनी अडवलं, कपाटापाशी नेलं आणि विचारलं, सांग, हे काय आहे, शकुन की अपशकुन. सोमीनं वाकून पाहिलं, पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "आमी रानातल्या म्हणून समदं रान आमाला म्हाईत का? ह्यो आमच्या डोंगराचा नाय. तुमचा डाक्टर शिकलेला हाय, त्याला इचारा." आणि मोळीचे पैसे घेऊन चालती झाली. इतक्या दिवसांत सरळ बोललेली ती एकटीच.

संध्याकाळ मात्र त्याची असायची. दिवेलागणीला मी देवापाशी निरांजन लावायची आणि मागे वळून पाहायची. कपाटातल्या अंधारात दोन नारिंगी ठिणग्या जागच्या जागी पेटलेल्या असायच्या. मग ते हलायचं. एक हात सुटायचा, हवेत थांबायचा, पुढची जागा धरायचा, मग पाय. मध्ये घाई नाही, आवाज नाही. बाहेर हायवेवर ट्रकांची रांग, हॉर्न, क्लीनरांची ओरड, जो तो जायच्या घाईत. आणि इथे हे एक जनावर, वीतभर फांदीवर, जणू सगळं रान अजून समोर आहे अशा बेतानं पाऊल टाकणारं. फांदीच्या टोकाला पोचलं की थांबायचं. हात पुढे करायचं. तिथे पुढची फांदी नसायची. हात तसाच थोडा वेळ हवेत, आणि मग माघारी. रोज. ते बघितलं की मला राग यायचा. नक्की कुणाचा ते ठरत नसे, म्हणून मी ह्यांच्यावर काढायची.

सगळंच काही करुण होतं अशातला भाग नाही. त्याला एक घाण खोड होती. ते स्वतःच्या हातापायांना मुतायचं आणि चोळून चोळून लावायचं, आपण उटणं लावतो तसं. "फांदीवरची पकड सुटू नये म्हणून करत असावं, असं कुठेतरी वाचलंय," हे म्हणाले. एका दिवशी कडी नीट लागली नव्हती. ते निवांत उतरलं, आणि माझ्या अंथरलेल्या उडदाच्या पापडांवरून, एकेका पापडावर ओलं पाऊल टेकत, मोरीकडे गेलं. वर्षाचे पापड होते ते. मी कपाळाला हात लावला. पदरी पडलं पवित्र झालं म्हणतात, पण पदरी पापच पडलं तर काय होतं, ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.

फोन रोज चालू होते. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगमध्ये, साहेबांच्या घरी लग्न. सरकारी काम आणि सहा महिने थांब. इकडे ऊन वाढत होतं, जाळीला ओली फडकी बांधून बांधून माझे हात सोलले. नाकतोडे कमी होत चालले, शेतं सुकली होती. जनावराचे केस विरळ दिसू लागले. "त्याला त्याच्या झाडावर पोचवा," मी म्हणायची. "परवानगी नाही," हे म्हणायचे. "परवानगी येईपर्यंत हे राहील का?" ह्यावर ते चष्मा पुसायचे. त्यांनाही ते बघवत नव्हतं, मला दिसत होतं. पण नियम मोडायचा म्हणजे त्यांना जिवावरचं दुखणं.

आणि एक दिवस फोन वाजला. तोच कारकून, आवाजात सुटकेचा आनंद. "डॉक्टर, साहेब आले. तुमचं प्रकरण सांगितलं. साहेब म्हणाले कटकट नको. लिहून घ्या." आणि त्यानं खणखणीत सरकारी मराठीत सांगितलं, "सदर लॉरीस विनाविलंब सोडून द्यावे."

ह्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. "त्यांना अजून लॉरीच वाटतेय," ते म्हणाले. "पुन्हा फोन करून खुलासा करतो."

मी फोनवर हात ठेवला. इतकी वर्षं संसार केला, पण त्या फोनवरून त्यांचा हात उचलून बाजूला केला तो तेव्हाच. "सदर लॉरीस विनाविलंब सोडून द्यावे," मी म्हटलं. "ह्यात चूक काय आहे ते दाखवा."

"अगं, पण त्यांच्या मनात..."

"मनातलं वाचायला सरकारनं तुम्हाला नेमलेलं नाही. ऱ्हस्व दीर्घ ऐकू येत नाही. सदर ह्या शब्दाला विभक्ती लागत नाही. सोडून द्यावे, हे जनावरालाही चालतं आणि गाडीलाही चालतं. आदेश आदेश आहे. तुम्हीच म्हणता ना?"

मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी त्याआधी लग्नाच्या मांडवात पाहिलं होतं. "विनाविलंब म्हणालेत," ते म्हणाले.

बसप्पा त्याच आठवड्यात ओंडके घेऊन आला. हे त्याला वखारीतून घरी घेऊन आले, पण त्याला मराठी येईना, ह्यांना कानडी येईना, दोघांचं हिंदी एकमेकांना कळेना. म्हणून वखारीसमोरच्या उडुपी हॉटेलातल्या अण्णाला बोलावलं. ह्याच अण्णाच्या हॉटेलात हे रोज सकाळी कॉफी प्यायचे. बसप्पा मोठा दांडगा माणूस, पण कपाटापुढे उकिडवा बसला आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "काडपापा," तो म्हणाला. "काडपापा, काडपापा."

साठेकाकू कुंपणापाशी होत्याच. "ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "पाप म्हणतोय की नाही?"

अण्णा गोंधळून आमच्याकडे बघायला लागला. "पाप कुठे म्हणतो तो? काडुपापा म्हणतो. काडु म्हणजे रान. पापा म्हणजे बाळ. लहान बाळाला आमच्यात पापा म्हणतात." आणि मग कपाटात वाकून पाहत तो स्वतःच म्हणाला, "रानातलं बाळ आहे हे."



मला अजून ह्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप येतो. हाकेच्या अंतरावर कानडी माणूस बसला होता, रोज आम्हाला कॉफी देत होता, आणि अख्ख्या गावात एकालाही वाटलं नाही की त्याला जाऊन विचारावं. परका शब्द असता तर विचारलं असतं. हा आपला वाटला. शब्द आपला वाटला की माणूस विचारायचं सोडतो. आणि आपल्यातही पापा आहेच की. पोराच्या गालाचा घेतो तो. तो कुणाला आठवला नाही, पाप तेवढं चटकन आठवलं.

साठेकाकूंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मग हे आधी नाही का सांगायचं?" आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळानं वाटीत काहीतरी झाकून घेऊन आल्या. वाटीत झुरळं होती. "मोरीत सापडली," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "वाटेत लागतील त्याला."

बसप्पानं हापूसची पेटी ट्रकच्या केबिनमध्ये, स्वतःच्या सीटच्या बाजूला ठेवली. मी तिच्यावर वाळवणाचं ओलं धोतर बांधलं. लॉरीस लॉरीतून सोडण्यात आलं. कपाट रिकामं झालं, दूध परत जागेवर गेलं, आणि त्या संध्याकाळी निरांजन लावून मी मागे वळले तर तिथे नुसता अंधार होता. मी ह्यांच्यावर विनाकारण ओरडले.

पुढच्या खेपेला बसप्पा आपण होऊन घरी आला, अण्णाला सोबत घेऊन. तोवर मंजूला मुलगी झाली होती आणि आमच्या दोन्ही घरांतून बाळंतशेपांचा वास येत होता. बसप्पा बरंच बोलला. अण्णा ऐकत गेला, आणि सांगताना त्याचं बोलणं हळू होत गेलं.

"तो म्हणतो, जिथून ओंडके भरले होते तिथे गेला. तिथे काही नाही आता. तो म्हणतो, झाडंच नाहीत, नुसती बुंध्यांची जमीन. पेटी घेऊन बराच वेळ उभा राहिला, पण सोडणार कशावर? मग आणखी आत गेला, त्याच्या मेव्हण्याची सुपारीची बाग आहे तिकडे. मागे थोडं रान आहे. तिथे एका झाडाला लावलं, अंधार पडताना. वर गेलं."

"मग?"

"एवढंच दिसलं म्हणतो. वर गेलं."

"मागे वळून पाहिलं का?"

अण्णानं विचारलं. बसप्पानं मान हलवली. नाही. माझी इतकी झुरळं खाल्लेलं जनावर, आणि मागे वळून पाहिलं नाही. बरं केलं.

मग मी विचारलं, "आणि त्याचं झाड?" अण्णानं हे कानडीत विचारायची गरज नव्हती. त्यानं नुसतं रस्त्यापलीकडे बोट केलं.

वखारीत तो पोकळ ओंडका भिंतीला टेकवून ठेवला होता. चांगला भाग कापून नेला होता, कुणाच्या चौकटी झाल्या असतील त्याच्या. हा बुंध्याजवळचा हातभर तुकडा कामाचा नाही म्हणून राहिलेला. आतून गुळगुळीत झालेला, एका बाजूला मुठीएवढं भोक, आणि भोकाच्या कडेला पिढ्यान्पिढ्या कुणीतरी हात ठेवून ठेवून आलेली झिलई. मी आत हात घातला. तो कपाटातल्या त्या उग्र, ओळखीच्या वासाचा होऊन बाहेर आला. शेठ म्हणाले, "घेऊन जा ना बेन, बंबात घाला." मी घेऊन आले. बंबात घातला नाही.

बदल्या झाल्या, तो बरोबर आला. हे गेले, तेव्हाही तो दारामागे होता. आता नवीन पनवेलच्या ह्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, कुंडीच्या मागे उभा आहे. खाली रात्रभर दिवे जळतात, रातकिडे ऐकू येत नाहीत. वखारीच्या जागी काय झालं ते बघायला मी गेलेली नाही. मंजूची मुलगी कधी कधी आपल्या बाळाला घेऊन येते. त्याला मी पापा म्हणते, आणि तिला वाटतं मी मुका मागतेय, म्हणून ती गाल पुढे करायला लावते. मी घेते.

परवा तो पेस्ट कंट्रोलवाला सगळं घर फवारून गॅलरीत पोचला. ओंडक्यापाशी थांबला, बॅटरी मारून भोकातून आत पाहिलं, नाक मुरडलं. "मॅडम, हे पहिलं टाकून द्या," तो म्हणाला. "आतून पूर्ण पोकळ आहे. ह्यात घर होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "कुणाचं तरी होऊ दे."